छपराला माणूस लागतं

उन्हाळ्यात बरोबर बारा वाजता वरच्या खोलीच्या खिडक्या लावायच्या, दार लावायचं, पंखा बंद करायचा आणि पलंगावर उताणं पडून छपराकडे बघत राहायचं, हे काम आमच्या घरात तीस वर्षं माझ्याकडे होतं. महिना मे, गाव उज्जैन. खोलीवर कवेलूचं छप्पर. पुण्याची माणसं ज्याला कौल म्हणतात, त्याला आम्ही इकडे कवेलू म्हणतो. खोलीत काळोख झाला की जिथे जिथे कवेलू फुटलेलं किंवा सरकलेलं असेल, तिथे उन्हाचा ठिपका दिसतो. तो ठिपका शोधायचा, ओळ मोजायची आणि ओरडून सांगायचं, ‘‘चौथी ओळ, डावीकडून नऊ!’’ बाहेर गच्चीवर छत्री धरून उभे असलेले बाबा ते वहीत लिहून घ्यायचे. पंखा बंद अशासाठी, की त्याच्या घरघरीत माझा आवाज त्यांना नीट ऐकू जायचा नाही.

बाबा रेल्वेत होते, रिझर्व्हेशनच्या खिडकीवर. निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली तरी ती खिडकी काही त्यांच्यातून गेली नाही. कवेलूंना ते बर्थसारखे नंबर देत. एकदा घामाने चादर भिजली होती आणि माझं डोकं फिरलं होतं, तेव्हा मी आतून ओरडले, ‘‘सहावी ओळ, साइड लोअर!’’ बाबा हसले नाहीत. वहीत खाडाखोड झाली म्हणून दिवसभर फुगून बसले.

आमचं घर माधव नगरात. खाली पक्कं, सिमेंटच्या स्लॅबचं. वर अर्धी गच्ची आणि अर्ध्यात ही एक मोठी खोली. मी बँकेत लागले त्या वर्षी बाबांनी ती माझ्यासाठी बांधली आणि गुजरातेतून चांगली भाजलेली कवेलू मागवली. ‘‘तुझी स्वतःची खोली,’’ ते म्हणाले. मला केवढा आनंद झाला होता! चोविसाव्या वर्षी स्वतःची खोली मिळणं म्हणजे जग मिळण्यासारखं वाटतं. चोपन्नाव्या वर्षीही आपण त्याच खोलीत, त्याच पलंगावर, त्याच ओळी मोजत पडलेले असू, हे तेव्हा डोक्यात येत नाही.

माझं सगळं आयुष्य चालत वीस मिनिटांच्या आत मावतं. शाळा, कॉलेज, मग बँक. भाजी, शिंपी, डॉक्टर सगळं फ्रीगंजमध्ये. संध्याकाळी फारच कंटाळा आला तर टावर चौकात जायचं, काहीतरी चमचमीत खायचं आणि परत यायचं. बँकेतल्या नवीन मुली विचारायच्या, ‘‘मॅडम, आप कभी बाहर नहीं रहीं?’’ मी म्हणायचे, ‘‘नहीं, घर पे कवेलू हैं ना.’’ त्यांना वाटायचं मी विनोद करते आहे.

विनोद नव्हता तो. पलीकडच्या पिंपळावरून माकडं आमच्या छपरावर उड्या मारायची, कवेलू फुटायची, सरकायची. म्हणून दर वर्षी पावसाआधी सगळं छप्पर फेरायचं, म्हणजे कवेलू उतरवायची, फुटकी काढायची आणि पुन्हा ओळीने लावायची. तीन दिवसांचं काम. मिस्त्री वर बसणार आणि शिडीखालून एक एक कवेलू त्याच्या हातात द्यायला घरचंच माणूस हवं, हा बाबांचा नियम. मजूर कवेलू टाकतात, घरचं माणूस देतं, असं त्यांचं म्हणणं. आई होती तोवर आई आणि मी आळीपाळीने द्यायचो. भाऊ शिकायला पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. आई अठरा वर्षांपूर्वी गेली. मग घरचं माणूस म्हणजे मी एकटी. बँकेतल्या बायका सुट्ट्या साठवून सिमल्याला जायच्या, मी सुट्ट्या साठवून शिडीखाली उभी राहायचे.

मिस्त्री तीस वर्षं तोच. काटक, काळाभोर, अगदी मोजकं बोलणारा. वर जाऊन बसला की बसल्या जागेवरून पूर्ण ओळ फेरायचा. आमच्याशी तो हिंदीतच बोलायचा, तेही तीन-चार शब्द. ‘‘बाबूजी, हो गया.’’ ‘‘दीदी, चिंता नी करो.’’ आणि इथल्या मराठी घरांची जी सवय, तीच आमची. बाहेरच्या माणसासमोर काही खाजगी बोलायचं असलं की सरळ मराठीत बोलायचं. बाजारात, रिक्षात, दुकानात, कुठेही. मराठी म्हणजे आमचा पडदा. ‘‘याला चहा अर्धाच कप दे, पूर्ण दिला की तासभर बसून राहतो,’’ असं बाबा त्याच्या तोंडावर मराठीत सांगायचे आणि मी त्याला हसऱ्या चेहऱ्याने अर्धा कप द्यायचे. तोही हसून घ्यायचा. एका वर्षी मी आईला म्हटलं होतं, ‘‘याने हा सदरा मागच्या वर्षीपासून काढलेलाच नाही वाटतं.’’ दुसऱ्या दिवशी तो दुसरा सदरा घालून आला. आम्हाला काहीच वाटलं नाही. इतके आम्ही हुशार.

एकूण तीन वेळा मला या घरातून निघायची संधी आली. पहिल्यांदा ग्वाल्हेरचं स्थळ. माणूस बरा होता, मला आवडलाही होता. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा बँकेतलं प्रमोशन. प्रमोशन घेतलं की बदली ठरलेली. तिन्ही वेळा बाबांनी एका शब्दाने अडवलं नाही. हेच तर दुखणं आहे. अडवलं असतं तर भांडता आलं असतं. ते शांतपणे म्हणायचे, ‘‘जा ना बेटा. मी कुठे रोकतो? माझं काय, माझं मी करून घेतो. फक्त छपराचं काय करायचं ते बघून जा. छपराला माणूस लागतं.’’

आणि मग पाऊस तोंडावर असायचा, मिस्त्री यायचा, मी शिडीखाली उभी राहायचे आणि बघता बघता उत्तर द्यायची मुदत निघून जायची. ग्वाल्हेरच्या माणसाने तर बिचाऱ्याने दोन पावसाळे वाट पाहिली.

गेल्या वर्षी पुन्हा एकदा प्रमोशनचं पत्र आलं. भोपाळ. आमच्या मॅनेजरने स्पष्ट सांगितलं, ‘‘मॅडम, इसके बाद उमर निकल जाएगी. लास्ट है.’’ महिन्याभरात होकार द्यायचा होता. भोपाळला माझ्या ओळखीची एक सहकारी होती, तिला मी त्याच दिवशी फोन केला. तिने तिच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची एक खोली पाहून ठेवली. एकच खोली, छोटासा ओटा, तलावाच्या दिशेला खिडकी. तिने व्हिडिओ पाठवला. मी तो किती वेळा पाहिला ते सांगायला मला लाज वाटते. त्या खोलीत मला काय दिसत होतं? काहीच नाही. रिकामी भिंत. त्या खोलीखाली कुणी खोकत नव्हतं, जिन्याखालून ‘‘आलीस का?’’ असं कुणी विचारत नव्हतं. मला बाबांपासून दूर जायचं होतं. हे असं लिहायला आजही हात अडखळतो, पण खरं तेच आहे. मला बाबा आवडत नव्हते असं नाही. माझं मला ऐकू येईनासं झालं होतं.

तेव्हा मी ठरवलं, की यंदा छपराचा प्रश्नच मिटवायचा. असं छप्पर घालायचं, की ज्याला माणूस लागणार नाही.

पुण्याला भावाला सांगितलं, तर तो एकदम उत्साहात आला. आधी म्हणाला, सगळं पाडून स्लॅबच घाल. मी म्हटलं, खालच्या भिंतींना ते ओझं पेलणार नाही, इंजिनियरने सांगितलंय. मग त्याने दगडाच्या छपराचे फोटो पाठवले, शाळेत पाटी असायची तसल्या काळ्या दगडाच्या पातळ चिपा, एकावर एक लावलेल्या. ‘‘शंभर वर्षं बघावं लागत नाही,’’ म्हणाला. दुसऱ्या आठवड्यात आणखी तिसरंच काहीतरी. दर आठवड्याला नवं छप्पर, आणि प्रत्येक वेळी, ‘‘घाई करू नकोस, मी अजून चौकशी करतोय.’’ मला वाटलं, बघा, लांब असला तरी जीव टाकतो.

मग मीच फ्रीगंजमध्ये छपराच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने मला दोन तास दिले. भाजलेलं कवेलू हातात घेऊन त्याने बोटाच्या पेराने वाजवून दाखवलं. खणखणीत वाजलं. ‘‘ये पक्का माल है दीदी, पचास साल चलेगा.’’ मी म्हटलं, माकडं. तो हसला. ‘‘फिर तो पाँच भी नी चलेगा.’’ काळ्या दगडाच्या चिपांचं विचारलं, तर तो उठून उभाच राहिला. ते वजन छपराखालच्या आपल्या लाकडी कैच्यांना झेपायचं नाही आणि त्यावर माकडाने उडी मारली तर चीप सरळ खाली येईल, डोक्यावर. साधा रंगीत पत्रा टिकेल, पण खोलीची भट्टी होईल आणि पावसात कानाला दडे बसतील. शेवटी त्याने एक नवीन प्रकार काढला. पत्र्यालाच कवेलूचा आकार दिलेला, वरून दगडाचा चुरा चिकटवलेला, खालून उष्णता अडवणारा चंदेरी थर. स्क्रूने आवळून बसवायचा. माकड नाचलं तरी हलत नाही. ‘‘इसको लगा के भूल जाओ,’’ दुकानदार म्हणाला.

लावा आणि विसरून जा. तीस वर्षांत कुणी माझ्याशी इतकं गोड बोललं नव्हतं.

मी नमुन्याचा तुकडा घरी नेला. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला, पेराने वाजवला. बद्द आवाज आला. ‘‘खोटं कवेलू,’’ ते म्हणाले. मी भांडायच्या तयारीनेच बसले होते. उन्हाळ्यात थंडावा, घराचं रूप, आईच्या हातचं छप्पर, जे जे म्हणतील त्याला माझ्याकडे उत्तर होतं. पण त्यातलं काहीच त्यांनी काढलं नाही. ‘‘तुझी खोली आहे. तुला पाहिजे ते लाव,’’ असं म्हणून त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला निघून गेले. त्या वर्षी त्यांनी वहीही काढली नाही. मला उगाच धास्ती वाटत राहिली.

सिंहस्थाची कामं निघाल्यापासून शहरात मिस्त्री मिळायचे वांधे झाले होते, पण आमचा मिस्त्री आला. नवीन छप्पर बसवायला दुकानाचीच माणसं येणार होती. याचं काम फक्त जुनं उतरवायचं. तीस वर्षं ज्या छपराने त्याला दर उन्हाळ्यात काम दिलं, ते मी त्याच्याच हातून उतरवून घेत होते. मी त्याला तसं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘कोई बात नी दीदी,’’ आणि शिडी लावली.

दोन दिवस कवेलू उतरत होती. तो वरून द्यायचा, मी खाली घ्यायचे. दर वर्षीच्या उलट. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धी खोली उघडी पडली होती. माझ्या पलंगावर, कपाटावर, पुस्तकांवर सगळीकडे ऊन. तेवढ्यात भावाचा फोन आला. हात भरलेले होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, ‘‘अगं, उतरवायला घेतलंस पण? मी एक फायबरचं बघत होतो, एक महिनाभर थांबली असतीस तर...’’

माझं डोकंच फिरलं. हातातलं कवेलू खाली ठेवलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. मिस्त्री वर बसलेला होता, पण मराठीत बोलत होते, मग चिंता कसली. ‘‘एक महिना थांबू? तुला कळतंय का, हे छप्पर मी घरासाठी करत नाहीये. मी पळून जाण्यासाठी करतेय. मला इथून जायचंय. बाबांपासून जायचंय. आणखी एक वर्ष या कवेलूंखाली पडून राहिले ना, तर मी बाबांच्या आधी मरेन, आणि ते वहीत लिहून ठेवतील, तिसरी ओळ, उजवीकडून दुसरी!’’

‘‘बाबा ऐकतील,’’ भाऊ एवढंच म्हणाला. बाबा खाली झोपले होते. मी फोन बंद केला. वर मिस्त्री तसाच बसला होता, हातात एक कवेलू धरून. मग त्याने ते सावकाश माझ्या हातात दिलं.

शेवटचं कवेलू उतरलं तेव्हा चार वाजले होते. खोलीवर नुसता कैच्यांचा सांगाडा आणि वर आभाळ. मी चहा आणला, सवयीने त्याचा कप अर्धा भरलेला. तो जिन्याच्या पायरीवर बसला होता. कपाकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘ताई, आज पूर्ण द्या. उद्यापासून मी काही यायचा नाही.’’

मराठीत. स्वच्छ मराठीत. थोडासा मालवी हेल, बस.

अर्धा कप, न बदललेला सदरा, त्याच्या बायकोबद्दल आई बोलली होती ते, तो ओळीत मुद्दाम वेळ लावतो म्हणून आम्ही हसायचो ते, सगळं एकामागून एक आठवायला लागलं. ‘‘तुम्हाला मराठी येते?’’ मी विचारलं. विचारताना मलाच तो प्रश्न किती बिनडोक आहे हे कळत होतं.

‘‘सारी जिंदगी तुमच्याच लोकांच्या घरांवर गेली,’’ तो म्हणाला. ‘‘छपरावर बसलं की खालचं सगळं ऐकू येतं. येणारच ना ताई.’’ मी आत गेले आणि पूर्ण कप भरून आणला. त्याने दोन घोट घेतले. ‘‘एक गोष्ट सांगायची होती. राग नका धरू. आज तुम्ही दादांशी बोललात म्हणून सांगतो. मी बाबांना किती वेळा म्हटलं, कवेलूंखालच्या रिपा बदलू, एक एक कवेलू तारेने बांधून टाकू, कडेला सिमेंट भरू. माकडं आली तरी दहा वर्षं कुणाला वर चढावं लागायचं नाही. बाबा नाही म्हणायचे. मला वाटायचं, जुन्या लोकांची जिद्द. मग एकदा ते गच्चीवर दादांशी फोनवर बोलत होते. मी वरच होतो. म्हणाले, छप्पर पक्कं झालं की पोरगी जाईल.’’

‘‘कधी?’’

‘‘तुमच्या आई गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी.’’

‘‘दादा काय म्हणाला?’’

‘‘त्यांचं कसं ऐकू येणार? पण बाबा म्हणाले, हां, बस, तू पण तिला असंच सांगत जा.’’

दर आठवड्याला नवं छप्पर. स्लॅब, दगड, फायबर. घाई करू नकोस, मी चौकशी करतोय. पुण्याहून जीव टाकत होता माझा भाऊ, आणि कुणासाठी ते मला आता कळलं.

‘‘सतरा वर्षं तुम्ही सांगितलं नाहीत,’’ मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

‘‘तुम्ही विचारलं नाही,’’ तो म्हणाला. ‘‘दर वर्षी खालून एवढंच विचारायचात, यंदा निभेल ना? मी म्हणायचो, निभेल. पक्कं करून द्या, असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. आणि माझंही पोट होतंच ना ताई.’’ त्याने कप खाली ठेवला, शिडी खांद्यावर घेतली आणि जिना उतरून गेला. मी त्याच्यावर रागवायला हवं होतं. पण तीस वर्षांत माझ्याशी पहिल्यांदाच कुणी खरं बोललं होतं, आणि त्याला मी आयुष्यभर अर्धा कप चहा दिला होता.

मी खाली उतरले. बाबा अंगणात होते. उतरवलेल्या ढिगातून चांगली कवेलू निवडून भिंतीशी उभी करून ठेवत होते, एक एक वाजवून.

‘‘तुम्ही मुद्दाम छप्पर कच्चं ठेवलंत,’’ मी म्हटलं.

‘‘हो,’’ ते म्हणाले. वर पाहिलंसुद्धा नाही.

मी तयारी करून आले होते ती आरडाओरड्याची. त्या ‘हो’ने सगळी हवाच गेली. ‘‘मला सरळ सांगायचं होतं. थांब म्हणायचं होतं.’’

‘‘म्हटलं असतं तर थांबली असतीस?’’

मी खरं बोलले. ‘‘नाही.’’

‘‘तेच तर,’’ बाबा म्हणाले आणि पुढचं कवेलू उचलून वाजवलं. ते फुटकं निघालं. त्यांनी ते बाजूला ठेवलं.

‘‘मी भोपाळला होकार कळवलाय,’’ मी म्हटलं. खरं तर अजून कळवला नव्हता. पत्र पर्समध्येच होतं. पण तिथल्या तिथे फोन काढला आणि त्यांच्यासमोर मॅनेजरला सांगितलं. इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता आणि इतका संतापही. बाबांनी ऐकलं, मान हलवली आणि हात धुवायला नळाकडे गेले. मला वाटलं, झालं. सुटले मी. तीस वर्षांचा ओळींचा हिशोब संपला.

दोन दिवसांत दुकानाच्या माणसांनी ड्रिलने घरघर करत नवीन छप्पर बसवून टाकलं. लाल विटकरी रंगाचं, लांबून बघणाऱ्याला फरक कळणार नाही असं. त्याच दुपारी पिंपळावरून दोन माकडं उतरली, धप्पदिशी त्यावर आली आणि सवयीने नखं अडकवायला फट शोधू लागली. फट नव्हती. थोडा वेळ थांबून ती निघून गेली.

तिसऱ्या दिवशी बारा वाजता मी खोलीच्या खिडक्या लावल्या. दार लावलं. पंखा बंद केला. दुकानदाराने सांगितलं होतं, एकदा आतून तपासून घ्या. मी पलंगावर उताणी पडले. काळोख झाला. इतका काळोख मी त्या खोलीत कधी पाहिला नव्हता. तीस वर्षं तिथे कुठे ना कुठे उन्हाचा एक ठिपका असायचाच. त्या दिवशी माझा हातसुद्धा मला दिसत नव्हता. गच्चीवर पावलं वाजली. बाबा आले होते. छत्री उघडल्याचा आवाज आला.

‘‘कितवी ओळ?’’ त्यांनी बाहेरून विचारलं.

‘‘एकही नाही,’’ मी म्हटलं.

‘‘नीट बघितलंस? कोपऱ्यात?’’

‘‘बघितलं. एकही नाही, बाबा.’’

पावलं जिन्याकडे वळल्यासारखी वाटली. मला वाटलं ते खाली गेले. मी उठणार, इतक्यात दाराच्या अगदी जवळून त्यांचा आवाज आला. ‘‘भोपाळची खोली कितव्या मजल्यावर आहे?’’

मी त्यांना खोलीबद्दल कधी सांगितलं नव्हतं. व्हिडिओ मी आवाज चालू ठेवून पाहायचे बहुतेक. ‘‘तिसऱ्या,’’ मी म्हटलं.

‘‘लिफ्ट?’’

‘‘आहे.’’

‘‘मग जमेल मला,’’ बाबा म्हणाले. ‘‘इथे आता माझं काही काम नाही. छपराला माणूस लागत नाही.’’ मग आवाज एकदम खाली आणून, जसे ते कधीच बोलत नसत तसे म्हणाले, ‘‘मला लागतं बेटा.’’

मी पडूनच होते. मला रडू आलं, आणि ते मायेचं नव्हतं. निदान सगळं मायेचं नव्हतं. हे एक वाक्य त्यांनी कधीतरी पूर्वी म्हटलं असतं तर मी नाही म्हणाले असते आणि निघून गेले असते. तेवढी ताकद तेव्हा होती माझ्यात. आता ते चौऱ्याऐंशीचे होते, दाराबाहेर उन्हात छत्री धरून उभे होते आणि छपराआड लपायची सोय मीच त्यांना उरू दिली नव्हती. पक्कं छप्पर मीच निवडलं होतं. दुकानात दोन तास घालवून, माझ्या पसंतीने.

‘‘उन्हात उभे राहू नका,’’ मी आतून म्हटलं. ‘‘खाली जा. येतेच मी.’’

पावलं जिना उतरून गेली. मी काळोखातच उशाशी फोन चाचपला आणि भोपाळच्या सहकारिणीला लावला. ती आनंदाने म्हणाली, बरं झालं फोन केलास, मालक उद्या किल्ली देतोय.

‘‘ती खोली राहू दे,’’ मी म्हटलं. ‘‘दोन खोल्यांचं बघ.’’